नागरी हक्क लढा, आफ्रिकी-अमेरिकनांचा : न्याय्य युद्धाच्या संदर्भात

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आफ्रिकी वंशाच्या नागरिकांनी समान नागरिकत्व, मताधिकार आणि सार्वजनिक जीवनातील समान वागणूक ह्यांसाठी केलेला संघटित लढा. १९५४ ते १९६८ हा त्याचा ऐन भराचा काळ मानण्यात येत असला, तरी त्याची मुळे गुलामगिरीच्या काळापर्यंत मागे जातात. लढ्यात उतरलेल्यांनी त्याला वारंवार युद्धाची परिभाषा लावली. मार्टिन ल्यूथर किंग (१९२९–६८) ह्यांनी आपल्या स्वयंसेवकांना अहिंसक सेना म्हटले. माल्कम एक्स (१९२५–६५) ह्यांनी १९६४ मध्ये मतपत्रिका की बंदुकीची गोळी, असा प्रश्न आपल्या श्रोत्यांपुढे ठेवला. टॉमस रिक्स ह्या लेखकाने तर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या चळवळीचा इतिहास लष्करी मोहिमेचा इतिहास लिहावा तसा, म्हणजे प्रशिक्षण, व्यूहरचना, शिस्त व रसद ह्यांच्या अंगाने लिहिला आहे. त्यामुळे हा लढा न्याय्य युद्ध होता काय, हा प्रश्न निव्वळ अलंकारिक राहत नाही.

न्याय्य युद्धाची कल्पना पाश्चात्त्य विचारात सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) ह्याच्यापासून स्पष्टपणे आढळते. सेंट टॉमस अक्वाय्नस (सु. १२२५–७४) ह्याने युद्ध न्याय्य ठरण्यास तीन गोष्टी आवश्यक मानल्या : युद्ध पुकारणाऱ्याजवळ सार्वभौम अधिकार असावा, कारण न्याय्य असावे आणि हेतू शुद्ध असावा. पुढे व्हितोरिया, स्वारेझ, ग्रोशियस इ. विचारवंतांच्या हातून व नंतरच्या परंपरेत ह्यांत आणखी अटींची भर पडली. युद्ध हा अखेरचा उपाय असावा, यशाची वाजवी शक्यता असावी आणि होणारी हानी साध्य होणाऱ्या हितापेक्षा मोठी नसावी, ह्या अटी युद्धात उतरण्यासंबंधीच्या आहेत. प्रत्यक्ष युद्धातील आचरणासंबंधी मुख्य अट निरपराधांना लक्ष्य न करण्याची होय. अलीकडे युद्धानंतरच्या तहाची न्याय्यता हा तिसरा भागही त्यात धरतात. महाभारतातील धर्मयुद्धाचे नियम – शस्त्रहीनावर, पळणाऱ्यावर वा लढाईत नसलेल्यावर प्रहार न करण्याचे – हे ह्यांपैकी दुसऱ्या भागाशी जुळणारे आहेत. मराठीत मात्र ‘धर्मयुद्ध’ हा शब्द धर्मप्रसारार्थ केलेल्या युद्धालाही लावला जात असल्याने येथे ‘न्याय्य युद्ध’ हीच संज्ञा वापरली आहे.

रूढ अर्थाने पाहता नागरी हक्कांचा लढा हे युद्ध नव्हते. त्यात कोणी सैन्य उभारले नाही, प्रदेश जिंकला नाही. तथापि वरील प्रत्येक कसोटी चळवळीच्या नेत्यांनी स्वतःच्या कृतींना, कधी नाव घेऊन तर बहुधा न घेता, लावून पाहिलेली आढळते. त्यांच्यातील तीव्र मतभेदही ह्याच कसोट्यांभोवती झाले.

न्याय्य कारण : ह्याबाबत फारसा वाद संभवत नाही. १८६१–६५ च्या यादवी युद्धात सु. १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या बाजूने लढले. युद्धानंतर तेराव्या (१८६५), चौदाव्या (१८६८) व पंधराव्या (१८७०) घटनादुरुस्त्यांनी गुलामगिरी नष्ट झाली, समान संरक्षणाची हमी मिळाली आणि वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई झाली. म्हणजे विसाव्या शतकातील लढा नव्या हक्कांसाठी नव्हता. युद्धाने मिळविलेले व राज्यघटनेत नोंदलेले हक्क परत मिळविण्यासाठी होता. हे हक्क हिरावले गेले तेही बव्हंशी शस्त्रबळानेच. लुइझिॲना राज्यातील कोलफॅक्स येथे १८७३ मध्ये गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कृष्णवर्णीयांची सामूहिक कत्तल केली. त्या प्रकरणातील आरोपींना शिक्षा देणे १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने अशक्य झाले. संघराज्याचे सैन्य १८७७ मध्ये दक्षिणेतील राजकारणातून मागे घेण्यात आले. नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथे तर १८९८ मध्ये निवडून आलेले नगरशासन सशस्त्र जमावाने उलथून टाकले. प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन ह्या १८९६ च्या निर्णयाने ‘विभक्त परंतु समान’ हे तत्त्व मान्य झाले. पुढील साठ वर्षे शाळा, आगगाड्या, उपाहारगृहे, इस्पितळे व दफनभूमी ह्यांतही वर्णविभेद कायद्याने पाळला जात होता.

ह्या व्यवस्थेचा खरा आधार भय हा होता. टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ ह्या काळात ३,४४६ कृष्णवर्णीयांची लिंचिंगमध्ये, म्हणजे जमावाने न्यायालयाला डावलून केलेल्या हत्येत, आहुती पडली. मतदान कर, साक्षरता चाचणी व उघड धमक्या ह्यांमुळे मताधिकार कागदावरच राहिला. मिसिसिपी राज्यात १९६५ च्या कायद्यापूर्वी मतदानास पात्र कृष्णवर्णीयांपैकी केवळ ६·७ टक्के लोकांची नावे मतदार यादीत होती. ॲलाबॅमातील लाउन्झ परगण्यात लोकसंख्येचा मोठा भाग कृष्णवर्णीय असूनही १९६५ च्या आरंभी त्यांच्यापैकी एकाचेही नाव यादीत नव्हते. ज्या शासनाने संरक्षण द्यावयाचे, त्याचाच शेरिफ पुष्कळदा हल्लेखोरांत असे. परकीय आक्रमणाविरुद्ध युद्ध करण्यास जे कारण पुरेसे मानले जाते, त्याहून हे कारण कमी प्रतीचे होते असे म्हणता येणार नाही.

अधिकाराचा प्रश्न : न्याय्य युद्ध सार्वभौम सत्तेनेच पुकारावे, ही अट बंडखोरांना नेहमीच अडचणीची ठरते. व्हर्जिनियातील साउथॅम्प्टन परगण्यात १८३१ मध्ये नॅट टर्नर ह्या गुलामाने केलेल्या उठावात स्त्रिया व मुले धरून पन्नासांहून अधिक गोरे मारले गेले. त्याच्या सूडादाखल उठावाशी संबंध नसलेल्या अनेक कृष्णवर्णीयांना प्राणास मुकावे लागले. १८५९ मध्ये जॉन ब्राउन ह्या गोऱ्या गुलामगिरीविरोधकाने हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर धाड घातली व तो फासावर गेला. कारण न्याय्य, परंतु यशाची शक्यता नाही आणि टर्नरच्या बाबतीत निरपराधांचे रक्षण नाही, असे हे दोन प्रसंग असून पुढील पिढ्यांच्या चर्चेत त्यांचा दाखला पुनःपुन्हा येतो.

ह्या संदर्भात अक्वाय्नसचे एक मत लक्षणीय आहे. जुलमी सत्ता लोकहितासाठी नव्हे तर सत्ताधाऱ्याच्या हितासाठी चालते, म्हणून तिला हलविणे हा राजद्रोह नव्हे. मात्र त्यातून उद्भवणारी अव्यवस्था मूळच्या जुलमाहून अधिक हानिकारक असता कामा नये, असे तो म्हणतो. किंग ह्यांनी १६ एप्रिल १९६३ रोजी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात अन्याय्य कायद्यासंबंधी ऑगस्टीन व अक्वाय्नस ह्या दोघांचाही आधार घेतला आहे. न्याय्य युद्धाची मीमांसा ज्यांनी रचली, त्यांच्याच विचारातून सविनय कायदेभंगाचे समर्थन काढले गेले, हा योगायोग नव्हे.

चळवळीने अधिकाराचा पेच आणखी एका प्रकारे सोडविला. ती घटक राज्यांच्या कायद्यांना आव्हान देई, परंतु संघराज्याच्या घटनेला कधीच नाही. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ ह्या संस्थेने न्यायालयांचा मार्ग धरला आणि १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभेद घटनाविरोधी ठरविला. त्याच्याही वरच्या पीठाकडे दाद मागण्याचे प्रयत्न झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर आफ्रिकी-अमेरिकन संघटनांनी संयुक्त राष्ट्रांपुढे गाऱ्हाणी मांडली. अशाच एका अर्जाविषयी वाचून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस ह्यांना पत्र लिहिले. अस्पृश्यांचा प्रश्नही त्याच पीठापुढे नेता येईल काय, हा विचार त्यामागे होता. द्यू बॉइस ह्यांनी त्यास सहानुभूतीचे उत्तर पाठविले. संयुक्त राष्ट्रांकडून ह्या अर्जांवर परिणामकारक अशी कृती मात्र झाली नाही.

अखेरचा उपाय व यशाची शक्यता : युद्ध हा अखेरचा उपाय असावा, ह्या अटीचा जवळजवळ अनुवादच किंग ह्यांच्या वरील पत्रात सापडतो. अन्याय घडत आहे काय ह्याची माहिती गोळा करणे, वाटाघाटी करणे, आत्मशुद्धी व त्यानंतरच प्रत्यक्ष कृती, अशा चार पायऱ्या त्यांनी सांगितल्या आहेत. बर्मिंगहॅममध्ये व्यापाऱ्यांशी आधी बोलणी झाली होती व दुकानांतील वर्णविभेदाच्या पाट्या काढण्याची आश्वासने मिळून ती मोडलीही गेली होती. त्यानंतरही नगरातील निवडणुकीमुळे आंदोलन पुढे ढकलण्यात आले. पुष्कळ राष्ट्रांनी युद्ध पुकारण्यापूर्वी एवढा संयम दाखविलेला नाही.

यशाच्या शक्यतेचा प्रश्न अधिक बिकट होता आणि चळवळीचे स्वरूप मुख्यतः त्यानेच ठरविले. १९६० च्या जनगणनेनुसार कृष्णवर्णीय लोक देशाच्या लोकसंख्येच्या १०·५ टक्के होते. मिसिसिपीतही, जेथे त्यांचे प्रमाण सर्वाधिक होते, ते निम्म्यापेक्षा कमीच होते. राइनहोल्ड नीबूर ह्या धर्मशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच असे प्रतिपादन केले होते, की केवळ गोऱ्यांच्या सद्‌बुद्धीवर विसंबून ह्या समाजाची मुक्ती होणार नाही व सशस्त्र उठाव केल्यास तो चिरडला जाईल. म्हणून गांधीजींच्या पद्धतीचा प्रतिकार हाच त्याला सर्वांत जवळचा मार्ग आहे. नीबूर शांततावादी नव्हता. अहिंसक प्रतिकार हीसुद्धा एक सक्तीच आहे, बहिष्काराने ज्यांचे नुकसान होते त्यांत निरपराधही असतात आणि म्हणून तिचेही नैतिक परीक्षण झाले पाहिजे, असे तो म्हणत असे. ह्या प्रश्नाच्या चर्चेत हा विचार सर्वांत मोलाचा आहे. अहिंसा म्हटली की न्याय्य युद्धाच्या कसोट्या आपोआप गैरलागू होतात, हा सर्वसाधारण समज त्यामुळे टिकत नाही.

गांधीजींच्या मार्गाशी ह्या चळवळीचा संबंध केवळ पुस्तकी नव्हता. हॉवर्ड थर्मन हा कृष्णवर्णीय धर्मोपदेशक १९३६ मध्ये बार्डोली येथे गांधीजींना भेटला होता. जेम्स लॉसन (१९२८–२०२४) ह्यांनी कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यभरतीस नकार देऊन तुरुंगवास भोगला आणि नंतर मेथडिस्ट मिशनतर्फे ते नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात आले. १९५३ ते १९५६ ह्या काळात नागपुरात राहून त्यांनी सत्याग्रहाच्या तंत्राचा अभ्यास केला. माँटगोमेरी येथील बस-बहिष्काराची वार्ताही त्यांना तेथील वृत्तपत्रातूनच समजली. मायदेशी परतल्यावर नॅशव्हिल येथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी शिबिरे घेतली. त्यांत काही जण गोऱ्या गुंडांची भूमिका करीत व बाकीचे शिव्या, थुंकी व मार सहन करण्याचा सराव करीत. ज्याला संयम पाळता येणार नाही, त्याने उपाहारगृहातील ठिय्यात भाग घेऊ नये असा दंडक असे. किंग ह्यांनीही १९५९ च्या फेब्रुवारी–मार्चमध्ये भारताचा दौरा केला.

आत्मसंरक्षणाचा वाद : सर्वच कृष्णवर्णीयांनी शस्त्र खाली ठेवले होते, असे मात्र नाही. दक्षिणेतील ग्रामीण घरात बंदूक असणे नेहमीचे होते. ३० जानेवारी १९५६ रोजी किंग ह्यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला, त्यानंतर त्यांच्या घरी सशस्त्र पहारा होता व त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी केलेला अर्ज अधिकाऱ्यांनी फेटाळला. पुढे बेयर्ड रस्टिन व ग्लेन स्मायली ह्या सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांनी घरातील शस्त्रे दूर केली. नॉर्थ कॅरोलायनातील मन्‍रो येथे रॉबर्ट एफ्. विल्यम्स ह्या माजी सैनिकाने १९५७ मध्ये कू क्लक्स क्लॅनच्या सशस्त्र मोटार-मिरवणुकीला गोळीबाराने परतवून लावले. १९५९ मध्ये त्याच्या प्रक्षोभक विधानांवरून त्याच्या संस्थेने त्याला निलंबित केले. परंतु त्याच अधिवेशनात आत्मसंरक्षणाचा हक्क मान्य असल्याचा पुनरुच्चारही केला.

त्याच वर्षी विल्यम्स व किंग ह्यांच्यात एका नियतकालिकातून झालेला वाद ह्या विषयावरील सर्वांत स्पष्ट चर्चा ठरतो. किंग ह्यांनी तीन भूमिका वेगळ्या केल्या : शुद्ध अहिंसा, आत्मसंरक्षणार्थ बलप्रयोग आणि युद्धात असते तशी संघटित, योजनापूर्वक हिंसा. पहिली सामान्य माणसांना कठीण आहे. दुसरी सर्व समाजांनी नैतिक व वैध मानली आहे आणि खुद्द गांधीजींनीही जे अहिंसेला असमर्थ आहेत त्यांच्या बाबतीत तिचा निषेध केला नाही. तिसरी मात्र अल्पसंख्य समाजाला विनाशाकडे नेणारी व बहुजनांना चळवळीपासून तोडणारी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. किंग ह्यांनी युद्धाचा मार्ग नाकारला तो केवळ श्रद्धेपोटी नव्हे. यशाची शक्यता व हानीचे प्रमाण ह्या न्याय्य युद्धाच्याच दोन कसोट्यांवर तो उतरत नाही, हेही त्याचे कारण होते.

विल्यम्सच्या बाजूलाही तथ्य होते. मिसिसिपीतील होम्स परगण्यात हार्टमन टर्नबो ह्या शेतकऱ्याने १९६३ मध्ये मतदार म्हणून नोंदणी करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याच्या घराला आग लावण्यात आली. त्याने हल्लेखोरांवर गोळ्या झाडून कुटुंब वाचविले. शेरिफने स्वतःचे घर स्वतःच पेटविल्याच्या आरोपावरून त्यालाच अटक केली. लुइझिॲनातील जोन्झबरो येथे १९६४ मध्ये महायुद्धातील व कोरियातील माजी सैनिकांनी ‘डीकन्स फॉर डिफेन्स अँड जस्टिस’ ही संघटना काढली व अहिंसक कार्यकर्त्यांच्या निवासस्थानांवर ती बंदुका घेऊन पहारा देई. अशा ठिकाणी अहिंसक आंदोलन बंदुकीच्या आडोशाने चालले होते. ॲकिन्येले उमोजा (२०१३) व चार्ल्स कॉब (२०१४) ह्यांच्या ग्रंथांनी ही बाजू पुढे आणली आहे. केवळ किंग ह्यांच्या भाषणांवरून ह्या लढ्याचे चित्र रेखाटणारे जुने लेखन त्यामुळे अपुरे ठरते.

लढ्यातील आचरण : १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्झबरो येथे चार विद्यार्थ्यांनी उपाहारगृहात ठिय्या दिला आणि काही आठवड्यांत हे लोण दक्षिणेत सर्वत्र पसरले. विरोधकाला शारीरिक इजा न करण्याचा नियम ह्या व नंतरच्या आंदोलनांत इतक्या काटेकोरपणे पाळला गेला, की निरपराधांच्या संरक्षणाची अट प्रतिपक्षाच्या बाबतीत अधिकच कडकपणे पाळली गेली असे म्हणता येईल. ज्यांना लढवय्ये मानता आले असते अशा पोलिसांवरही हात उचलावयाचा नाही, असा हा नियम होता. शंका उपस्थित होते ती स्वपक्षाच्या बाबतीत.

बर्मिंगहॅममध्ये एप्रिल १९६३ च्या अखेरीस तुरुंगात जाण्यास तयार असलेले प्रौढ स्वयंसेवक संपत आले. नोकरी जाण्याचे भय त्यांना होते. तेव्हा जेम्स बेव्हेल ह्या तरुण कार्यकर्त्याने शाळकरी मुलांना उतरविण्याची योजना मांडली. किंग प्रथम साशंक होते. २ मे रोजी शेकडो मुले सिक्स्टींथ स्ट्रीट बाप्टिस्ट चर्चमधून रांगेने बाहेर पडली व त्यांना अटक झाली. ३ मे रोजी पोलीस आयुक्त यूजीन ‘बुल’ कॉनर ह्याने त्यांच्यावर कुत्री सोडली व अग्निशामक दलाच्या पाण्याचे झोत मारले. ती छायाचित्रे जगभर झळकली आणि १० मे रोजी समझोता जाहीर झाला. खरे पुरुष आपली मुले आघाडीवर पाठवीत नाहीत, अशी टीका माल्कम एक्सने केली. ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी ह्यांनीही मुलांच्या सहभागाबद्दल चिंता व्यक्त केली. किंग ह्यांचे उत्तर असे, की वर्णविभेद ह्याच मुलांना रोज इजा करीत असताना हे टीकाकार कोठे होते आणि मुलांनाही आपल्या स्वातंत्र्यात स्वतःचा वाटा असला पाहिजे. हे उत्तर बिनतोड नाही. मुले अन्यायाची बळी आहेत एवढ्यावरून त्यांना आघाडीवर नेण्याचा अधिकार मिळत नाही. कोणत्याही सैन्याच्या बाबतीत असा युक्तिवाद मान्य झाला नसता. मात्र ह्या मुलांच्या हाती शस्त्र नव्हते, त्यांच्यापैकी पुष्कळ जण वडीलधाऱ्यांच्या इच्छेविरुद्ध स्वतःहून आली होती आणि प्रतिपक्ष कितपत क्रूर होईल ह्याला वृत्तपत्रांच्या उपस्थितीने काही मर्यादा पडेल, असा नेत्यांचा कयास होता. तो कयास त्या आठवड्यापुरता खरा ठरला. १५ सप्टेंबर १९६३ रोजी त्याच चर्चमध्ये क्लॅनच्या लोकांनी ठेवलेल्या बाँबने चार मुलींचा बळी घेतला.

बहिष्काराच्या शस्त्रालाही दुसरी धार होती. माँटगोमेरी येथे ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस चाललेला बहिष्कार बव्हंशी स्वेच्छेचा होता. परंतु मिसिसिपीतील पोर्ट गिब्सन येथे १९६६ मध्ये सुरू झालेल्या बहिष्कारात गोऱ्यांच्या दुकानांत जाणाऱ्या कृष्णवर्णीयांची नावे टिपून ती सभेत वाचून दाखविली जात व काहींच्या घरांवर गोळ्याही झाडल्या गेल्या. व्यापाऱ्यांनी भरलेल्या खटल्यात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शांततामय बहिष्काराला घटनेचे संरक्षण दिले, मात्र त्यातील हिंसेला ते लागू नसल्याचे स्पष्ट केले.

शासनाच्या शस्त्रबळाचा आश्रय : युद्ध नाकारणाऱ्या चळवळीला संघराज्याच्या सैन्याची मदत लागली, ही वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही. १९५७ मध्ये लिट्ल रॉक येथे नऊ विद्यार्थ्यांना शाळेत नेण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझनहौअर ह्यांनी १०१ वी हवाई छत्री तुकडी पाठविली. १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ ह्यांच्या मिसिसिपी विद्यापीठातील प्रवेशावरून झालेल्या दंगलीत दोघे मृत्युमुखी पडले व हजारो सैनिक बोलवावे लागले. ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा येथे शांत मिरवणुकीवर पोलिसांनी लाठ्या व अश्रुधूर चालविला, त्यानंतर निघालेली मिरवणूक सैनिकी बंदोबस्तातच माँटगोमेरीला पोहोचली. मायकेल वॉल्झर ह्या राज्यशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या न्याय्य व अन्याय्य युद्धांवरील ग्रंथाच्या अखेरीस असा विचार मांडला आहे, की प्रतिपक्ष काही नैतिक मर्यादा मानतो तेथेच अहिंसा परिणामकारक होते. जेथे तो त्या मानीत नाही, तेथे ती आत्मनाश ठरते. वॉल्झर १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील ठिय्या आंदोलने पाहून त्यांवर लिहिणारा होता, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. मिसिसिपीतील शेरिफ मर्यादा मानीत नव्हता, वॉशिंग्टन मानीत होते, निदान तिला जगासमोर मानावे लागत होते. चळवळीचे यश ह्या दोहोंमधील अंतरावर अवलंबून होते आणि तिच्या नेत्यांना ते पूर्ण ठाऊक होते. त्यामुळे हा लढा न्याय्य होता, पण युद्ध नव्हता. मात्र त्यामागे न्याय्य बलप्रयोगाची तयारी शासनाच्या रूपाने उभी होती, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

उत्तरेकडील शहरांतील वस्त्यांत ही मांडणी लागू पडली नाही. तेथे कायद्याने वर्णविभेद नव्हता. बेकारी, निकृष्ट घरे व पोलिसांची दांडगाई ही गाऱ्हाणी होती आणि त्यांच्याविरुद्ध ठिय्या कोठे द्यावयाचा, हाच प्रश्न होता. लॉस अँजेल्समधील वॉट्स येथील दंगलीत (१९६५) ३४, नेवार्क येथे (१९६७) २६ व डिट्रॉइट येथे (१९६७) ४३ माणसे मरण पावली. मृतांत मोठा भाग कृष्णवर्णीयांचाच होता. अधिकृत नेतृत्व नाही, निश्चित साध्य नाही, हानी स्वतःच्याच वस्तीची, अशा ह्या उद्रेकांना न्याय्य युद्धाच्या कोणत्याच कसोटीवर समर्थन मिळत नाही; त्यांची कारणे मात्र खरी होती, हे राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ मध्ये स्पष्टपणे नमूद केले. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओक्लंड येथे स्थापन झालेल्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षाने पोलिसांवर सशस्त्र पाळत ठेवण्याचा उपक्रम केला. त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने १९६७ मध्ये भरलेले शस्त्र उघडपणे बाळगण्यावर निर्बंध घातले. ह्याच पक्षाच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर ही संघटना उभी राहिली. ४ एप्रिल १९६७ रोजी किंग ह्यांनी व्हिएटनाम युद्धाचा जाहीर निषेध केला. स्वतःचे शासन परदेशात हिंसा करीत असताना वस्त्यांतील तरुणांना अहिंसा शिकविता येत नाही, असे त्यांना वाटू लागले होते. बरोबर एक वर्षाने मेंफिस येथे त्यांची हत्या झाली.

तहाची न्याय्यता : १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मताधिकार कायदा व १९६८ चा घरविषयक कायदा ही ह्या लढ्याची फलिते होत. मिसिसिपीत मतदार म्हणून नोंदणी झालेल्या कृष्णवर्णीयांचे प्रमाण १९६७ पर्यंत ५९·८ टक्क्यांवर गेले. पराभूत पक्षाला सूडाने वागविले गेले नाही. उलट त्याच्याकडून अपराधांचा जाबही फार उशिरा घेतला गेला. मताधिकार कायद्यातील ज्या तरतुदीने पूर्वी भेदभाव करणाऱ्या राज्यांना निवडणूक नियम बदलण्यापूर्वी संघशासनाची संमती घ्यावी लागे, तिचा पाया असलेले सूत्र २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. मेडगर एव्हर्स ह्यांची १९६३ मध्ये हत्या करणाऱ्यास शिक्षा झाली ती १९९४ मध्ये. बर्मिंगहॅम येथील बाँबस्फोटातील शेवटचा आरोपी २००२ मध्ये दोषी ठरला. लिंचिंग हा संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा ठरविणारे विधेयक जॉर्ज हेन्री व्हाइट ह्या कृष्णवर्णीय प्रतिनिधीने १९०० मध्ये मांडले होते. असा कायदा २९ मार्च २०२२ रोजी झाला व त्यास, १९५५ मध्ये मिसिसिपीत मारल्या गेलेल्या एमेट टिल ह्या चौदा वर्षांच्या मुलाचे नाव देण्यात आले.